चर्चमधली पुस्तकं साखळीनं का बांधायचे?

वाचनवेडी:
इंग्लंडमधल्या हेरेफर्ड कॅथीड्रलच्या ग्रंथालयाचे फोटो पाहत होते. प्रत्येक पुस्तकाला लोखंडी साखळी, आणि पुस्तकं चक्क उलटी ठेवलेली, म्हणजे पाठ आत आणि पानांची कड बाहेर. भावाचं ठाम मत, "लोकांनी वाचू नये म्हणून चर्चनं बांधून ठेवली." मला काही ते पटत नाहीये, पण त्याला गप्प करायला मुद्दाही सापडत नाही. शिवाय चर्चमध्ये ग्रंथालय हा प्रकार आला कधी? मठांमुळे, की त्याआधीच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_टोणगा:
चोरी हो, दुसरं काय! बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन बघितलं नाहीत का कधी?

जुना ग्रंथपाल:
टवाळ यांनी एका ओळीत निम्मं उत्तर दिलंच आहे. उरलेलं निम्मं असं, की जे पुस्तक कोणाला वाचू द्यायचं नसतं ते साखळीला कशाला बांधतील? ते पेटीत घालून कुलूप लावतील. मठांमधली पुष्कळ पुस्तकं तशीच पेट्यांत आणि भिंतीतल्या कपाटांत असायची. साखळी आली ती शेजारी राखणदार उभा नसतानाही वाचकाला पुस्तक हाताळता यावं म्हणून.

हेरेफर्डची मांडणी १६११ची. साखळीचं एक टोक पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला ठोकलेलं, दुसऱ्या टोकाची कडी फळीलगतच्या लोखंडी गजात ओवलेली. पाठ बाहेर ठेवली असती तर पुस्तक काढताना साखळी त्याच्याभोवती गुंडाळली गेली असती. पाठ आत असली की पुस्तक न फिरवता सरळ खाली मेजावर घेता येतं. गजाला कुलूप. मध्येच एखादं नवं पुस्तक लावायचं म्हणजे कुलूप काढा, गज ओढा, कड्या उतरवा, पुन्हा ओवा. माझा जन्म देवघेवीच्या काउंटरवर गेला, त्यामुळे हा खटाटोप वाचूनच अंगावर काटा येतो. पण पुस्तक जागेवर सापडण्याची खात्री मात्र आम्हाला कधी देता आली नाही, ती त्यांना होती.

आता "कधी". मठांच्या बरंच आधी. उपासनेत शास्त्र (म्हणजे बायबल) मोठ्यानं वाचायचं असे, त्यामुळे पुस्तकांवाचून अडायचंच. तिसऱ्या शतकात जेरुसलेमचा बिशप अलेक्झांडर यानं ग्रंथ जमवले, ते पुढे इतिहासकार युसेबियसच्या कामी आले. पॅलेस्टाइनमधल्या सीझरियाचे ख्रिस्ती विद्वान ओरिजेन आणि पँफिलस यांचा संग्रह त्याहून मोठा. तिथले झिजलेले पपायरस नंतर चर्मपत्रावर उतरवून घेतले, असं बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम यानं लिहून ठेवलंय.

पण मला सगळ्यात आवडतो तो सर्टाचा पंचनामा. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या सर्टा शहरात अधिकारी ख्रिस्ती लोक जमत त्या घरात शिरले आणि कारकुनानं जप्तीची यादी लिहिली. ती आजही वाचायला मिळते. सोन्याचे २ पेले, चांदीचे ६, बायकांचे ८२ अंगरखे, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड (हे बहुधा गरिबांना वाटायचं सामान). मग मंडळी ग्रंथालयात पोचली, तर कपाटं रिकामी! एका उपडीकननं (चर्चमधला कनिष्ठ सेवक) एकच भलामोठा ग्रंथ आणून दिला. बाकीचे कुठे? "वाचकांकडे." वाचक म्हणजे उपासनेत शास्त्र वाचणारे नेमलेले लोक. त्यांची नावं सांगायला उपडीकननी साफ नकार दिला, त्यांना धरलं. नावं दुसऱ्यांकडून कळली आणि झडती घरोघर सुरू झाली. एकाकडे ४ ग्रंथ, एकाकडे ५, एकाकडे ८. व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडे २ ग्रंथ आणि ४ सुटे जुज (घडी घातलेल्या पानांचे न बांधलेले गठ्ठे)! त्याच्याकडे बांधणी अर्धवट राहिली होती की काय, या विचारात मी उगाच वेळ घालवलाय. तर, चर्चला ग्रंथालयाची खोली आणि कपाटं होती हे सरकारी कागदावरच आहे. कोणी ग्रंथ हवाली केले आणि कोणी नाही, या वादातून आफ्रिकेतल्या चर्चमध्ये पडलेली फूट शतकाहून जास्त टिकली.

मठ त्यानंतरचे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टनं मठांसाठी केलेल्या नियमावलीत उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक ग्रंथ द्यायचा आणि त्यानं तो सलग, अथपासून इतिपर्यंत वाचायचा, असं आहे. अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप लँफ्रँक यानं त्याला शिस्त लावली. वर्षभरापूर्वी दिलेले ग्रंथ सतरंजीवर मांडायचे, नावं पुकारायची, आणि ज्यानं वाचला नसेल त्यानं साष्टांग पडून माफी मागायची. आमचा विलंब आकार यापुढे किरकोळच.

वाचनवेडी:
किती छान लिहिलंत! भावाला वाचून दाखवलं. साखळीचं त्यानं मान्य केलं, पण म्हणतो, "हे सगळं पाद्री आणि मठवाल्यांपुरतं. साध्या माणसाचं काय?"

जुना ग्रंथपाल:
हा मुद्दा रास्त आहे. इंग्लंडमधल्या ग्रँथम गावच्या चर्चमध्ये १५९८ साली दाराच्या मंडपावरच्या खोलीत गावकऱ्यांनाही खुलं ग्रंथालय झालं खरं, पण पुस्तकं बहुतांशी लॅटिन धर्मशास्त्राची. अशी पुस्तकं उघडी ठेवली काय नि बांधली काय, न्हाव्या-लोहाराला सारखीच.

खरी हालचाल केली थॉमस ब्रे या इंग्लिश पाद्र्यानं. १६९८ साली एस.पी.सी.के. ही ख्रिस्ती ज्ञानप्रसार करणारी संस्था स्थापणाऱ्यांत तो होता. खेड्यातल्या गरीब पाद्र्याला पुस्तकं परवडत नाहीत, हे त्यानं हेरलं. अमेरिकेतल्या मेरीलँड वसाहतीत अॅनापोलिसला हजारावर पुस्तकं धाडली आणि सामान्य लोकांनाही पुस्तकं घरी नेता यावीत अशा ग्रंथालयांचा आराखडा मांडला. त्याच्याच खटपटीतून इंग्लंडमध्ये चर्च-ग्रंथालयांच्या रक्षणाचा कायदा झाला, तो १७०९चा. नव्या पाद्र्यानं सहा महिन्यांत पुस्तकांची यादी करायची. पाद्र्याची जागा रिकामी असेल तोवर चर्चच्या कारभाऱ्यांनी खोलीला कुलूप लावायचं. पुस्तक हडप केलं तर तिप्पट किंमत वसूल. माझ्या मते साखळीपेक्षा ही यादी जास्त कामाची, कारण नवा माणूस येतो तेव्हाच जुनी पुस्तकं पाय फुटून जातात. मात्र नव्या खरेदीला कायद्यानं छदामही दिला नाही. दात्यानं दिलं तेवढंच, बाकी वाळवीला.

पाऊलवाट:
थोडी भर. साध्या घरांपर्यंत पुस्तकं नेली ती अमेरिकेतल्या चर्चच्या रविवारच्या शाळांनी. १८२४ साली अमेरिकन संडे स्कूल युनियन निघाली. पुढे तिनं १०० पुस्तकांचा संच १० डॉलरला विकायला काढला. पुस्तकं पातळ आणि गोष्टींची, पोरांच्या हातात मावतील अशी. बोधाचा डोस भरपूर, हे वेगळं सांगायला नको. पण ती मुलांबरोबर घरी जायची आणि आईबापही वाचायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वजनिक ग्रंथालयं वाढली तसा त्यांचा जोर ओसरला. तुमच्या भावाला हे सांगा, आणि त्यानंही वाचून झाल्यावर इथे लिहावं. आडून वाद घालण्यात काय मजा?