मेंदूतल्या तारा आणि ‘मन वाचणं’: त्या पोस्टला माझं उत्तर

घंटाळी

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेली पोस्ट आज इथेही कुणीतरी डकवली आहे. मथितार्थ असा: ‘शास्त्रज्ञ आता डोक्यात तारा घालून मनातलं वाचतात. आपण ठरवायच्या आधी यंत्राला कळतं. म्हणजे निर्णय आपण घेतच नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं.’ खाली अंगठ्यांची रांग आणि ‘नशिबापुढे कुणाचं चालतं?’. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले.

त्या तारा कुणाच्या डोक्यात असतात, हे त्या पोस्टमध्ये कुठेही नाही. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात होत्या. नऊ दिवस.

त्याला लहानपणापासून फिट्स. तीन-तीन औषधं चालू असूनही थांबेनात. ऑपरेशन करायचं तर फिट नेमकी कुठून उठते ते कळायला हवं, आणि डोक्यावर चिकटवलेल्या ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) ते धूसर दिसतं, कारण मधे कवटीचं हाड आहे. म्हणून कवटीला बारीक भोकं पाडून शेवईएवढ्या तारा आत सोडल्या. डोक्याला पांढरं बँडेज, मागून सगळ्या तारांची वेणी निघून पलंगाशेजारच्या डब्यात गेलेली, समोर चोवीस तास कॅमेरा. मग औषधं कमी करायची आणि वाट बघायची. आमच्या आईने वीस वर्षं फिट येऊ नये म्हणून उपास केले. तीच आई त्या खुर्चीत बसून ‘येऊ दे रे एकदा’ म्हणत माळ ओढत होती. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पहाटे आली, तेव्हा ती बटण दाबून रडायलाच लागली.

भावाच्या वेळी संशोधन वगैरे नव्हतं. पण भाषेबद्दल थेट मेंदूतून जे काही कळलं आहे, त्यातलं बरंचसं अशाच वाट बघणाऱ्या पेशंटांकडून कळलं आहे. तारा कुठे घालायच्या ते फक्त उपचार ठरवतो. संशोधक मधल्या रिकाम्या वेळात परवानगी मागून येतात: ही वाक्यं ऐका, हे शब्द म्हणा, वाटेल तेव्हा बटण दाबा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड चँग यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र हलवणाऱ्या भागात प्रत्येक अक्षराला वेगळी नक्षी उठते. त्याच्याच जोरावर २०२१ साली, ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) स्ट्रोकनंतर पंधरा वर्षांहून जास्त काळ वाचा गेलेल्या माणसाने ५० शब्दांच्या साठ्यातून वाक्यं पडद्यावर आणली, मिनिटाला साधारण १५ शब्द. २०२३ साली दुसऱ्या एका बाईंच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड बसवले आणि वेग ७८ वर गेला.

यात मन वाचणं कुठे आलं? ती माणसं बोलायचा प्रयत्न करतात. मेंदू जिभेला हुकूम सोडतो, तो जिभेपर्यंत पोचत नाही, यंत्र वाटेतच उचलतं. बोलायचं नसेल तर उचलायला काही नाही.

आणि ‘आधीच ठरलेलं’. ‘आधीच ठरलेलं’साठी नेहमी दाखला दिला जातो तो बेंजामिन लिबेट या मेंदू-संशोधकाचा १९८३ चा प्रयोग तर कवटीच्या बाहेरूनच केलेला होता: हालचालीच्या अर्धा सेकंद आधी मेंदूत विजेची लहर चढू लागते आणि ‘आता हलवू’ ही जाणीव साधारण २०० मिलिसेकंद आधी होते. २०११ साली इट्झाक फ्राइड यांच्या गटाने फिट्सच्या (एपिलेप्सीच्या) १२ पेशंटांच्या मेंदूतल्या हजाराहून जास्त पेशी थेट नोंदल्या. जाणिवेच्या ७०० मिलिसेकंद आधी, ८० टक्क्यांवर अचूक अंदाज. मान्य. पण ठरवायचं काय होतं? वाटेल तेव्हा बटण दाबणं! भावाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे आम्ही तीन महिने ठरवत होतो. ते कुठल्या ७०० मिलिसेकंदांत बसतं?

पामबीच_वकील

ताई, भावाचं वाचून गलबललं. पण तुमचा विश्वास मला घाबरवतो. आपल्याकडे ‘मेंदू बोलतो’ म्हणून काय झालं ते विसरलात? बीईओएस नावाची चाचणी. डोक्यावर टोपी, समोर गुन्ह्याबद्दलची वाक्यं, आणि यंत्र सांगणार की हे तुम्ही ‘अनुभवलेलं’ आहे. २००८ साली पुण्यात खुनाच्या खटल्यात जन्मठेप देताना न्यायालयाने तिचाही आधार घेतला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निकालात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग चालणार नाही, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. तोवर किती जणांना टोप्या घातल्या गेल्या? कोठडीतली ‘संमती’ कशी मिळते ते मी बेलापूरच्या कोर्टात बावीस वर्षं बघतो आहे.

घंटाळी

टोपी आणि आतल्या तारा यात जमीनअस्मानाचा फरक आहे. बीईओएस कवटीच्या बाहेरून आठवण पकडल्याचा दावा करत होतं. मी बोलतेय ते जिभेच्या हुकमाबद्दल. दोन्हींची भेळ करू नका.

कळवा_पूर्व

विषय थोडा वळवते, माफ करा, पण मला राहवत नाही.

मिस्टरांना मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. जागं ठेवून ऑपरेशन. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे कवटी उघडल्यावर पेशंट बोलत राहतो. डॉक्टर एकेका जागी हलका करंट देतात आणि चित्र दाखवून नाव विचारतात. नाव अडलं तर ती जागा कापायची नाही. आदल्या दिवशी सरावाला आलेली चित्रं कुठली? इग्लू. हार्प. टोस्टर. आणि विचारणार हिंदीत, ‘ये क्या है?’ हा माणूस पोयनाडच्या मराठी शाळेत शिकलेला, घरात, भजनात, भांडणात मराठी. मी म्हटलं, मराठीत विचारा. उत्तर आलं, ‘हिंदी येते ना त्यांना? मग झालं.’

ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. घरी आल्यावर दुधवाल्याशी हिंदीत व्यवस्थित बोलले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ते दे... ते... भाजी ढवळायचं.’ डाव हा शब्द सापडायला अडीच महिने लागले. पोळी, फडकं, उंबरा, सगळं ‘ते’. शेवटी ‘चम्मच’ म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

ओजेमन या अमेरिकन मेंदू-सर्जननी १९७८ सालीच दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागी करंट दिला तर एकीतलंच नाव अडतं, दुसरीतलं नाही. मग एवढ्या वर्षांनी मुंबई-ठाण्यात मराठी माणसाला मराठीत तपासायला काय हरकत आहे?

मानपाडा_२२वा_मजला

झालं! मेंदूच्या धाग्यातही मराठी-हिंदी आणलीत. इथे ठाण्यात दर दोन माणसांमागे भाषा बदलते, डॉक्टरांनी किती वह्या ठेवायच्या? जीव वाचला हे महत्त्वाचं की डाव?

निवृत्त_मास्तर

मानपाडावाले, बायकोकडे तो डाव मागता येईना, हे तुम्हाला लहान वाटतं? मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. शेवटच्या वर्षी माझ्या पहिलीत अकरा मुलं होती. शेजारची इमारत इंग्रजी शाळेला भाड्याने गेली, तिथे चार तुकड्या. आधी शाळेतून भाषा गेली, मग दुकानातून, आता ऑपरेशनच्या टेबलावरून. आणि तुमच्यासारखे शिकलेले लोक विचारतात, किती वह्या ठेवायच्या. एक ठेवा! एक तरी ठेवा!

मानपाडा_२२वा_मजला

मास्तर, आवाज चढवू नका. माझी मुलं इंग्रजी शाळेत आहेत, त्यात गुन्हा काय? माझ्या वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं आणि पहिल्या इंटरव्ह्यूत मी घामाघूम होऊन परत आलो. वागळे इस्टेटपासून नौपाड्यापर्यंत चालत आलो, बसमध्ये रडू आलं असतं म्हणून. तो दिवस माझ्या मुलांना नको.

निवृत्त_मास्तर

मग त्या इंटरव्ह्यूचा राग भाषेवर का काढता?

मानपाडा_२२वा_मजला

भाषेवर नाही काढत. तुम्ही मला आरोपी करता त्याचा राग आहे. माझा मुलगा कासवाचं चित्र बघून ‘टॉर्टॉइज’ म्हणतो. उद्या त्याच्यावर वेळ आली, देव न करो, तर त्याला ‘टॉर्टॉइज’ सापडला पाहिजे. ज्याची जी भाषा, तीत तपासा. कळव्याच्या ताईंचं म्हणणं हेच असेल तर मला मान्य आहे. हे ‘मराठी संपली’ प्रकरण मान्य नाही.

कळवा_पूर्व

हेच आहे माझं म्हणणं. पहिल्यापासून हेच आहे.

ऐरोली_स्पीच

मी वाचा-उपचार करते, म्हणून दोन गोष्टी. एक, ओजेमन यांच्याच १९८९ च्या ११७ पेशंटांच्या कामात दिसलं की नाव अडणाऱ्या जागा बहुधा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या असतात आणि माणसागणिक बदलतात. पुस्तकातला नकाशा पुरत नाही, प्रत्येकाला विचारावंच लागतं. दोन, घंटाळीताईंनी सांगितलेला ५० शब्दांचा तो पेशंट मुळात स्पॅनिश बोलणारा. चँग यांच्या गटाने २०२४ साली त्याच्या दोन्ही भाषा एकाच यंत्रातून ओळखल्या, आणि उच्चाराच्या भागातली नक्षी दोन्ही भाषांत बरीचशी सामाईक निघाली. जीभ एकच आहे, ‘प’ म्हणायला दोन्हीकडे ओठ मिटतात. शब्द सापडणं ही वेगळी पायरी आहे. कळव्याच्या ताईंच्या मिस्टरांचं अडलं ते त्या पायरीवर.

चित्रांबद्दल: मी माझ्या पेशंटांसाठी विळी, सूप, झारा, खुंटी, पाट असे फोटो स्वतः काढून ठेवलेत. कुणा डॉक्टरांना हवे असतील तर देते. मात्र नुसते फोटो असून भागत नाही. आदल्या दिवशी पेशंटला कुठली नावं पटकन येतात ते बघून तेवढीच निवडायची, नाहीतर करंटने अडलं की मुळातच येत नव्हतं ते कळत नाही. इग्लू दाखवण्यातली खरी चूक ही आहे.

पामबीच_वकील

डावावरून परत तारांवर येतो. घंटाळीताई, तुम्ही लिहिलंत, ‘बोलायचं नसेल तर उचलायला काही नाही.’ ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सेल’ या विज्ञान-नियतकालिकात स्टॅनफर्डच्या गटाचं काम आलंय. चार पेशंट, बोलायचा प्रयत्न न करता शब्द फक्त मनात म्हणायचे. सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून ७४ टक्क्यांपर्यंत अचूक ओळखले. पडद्यावरचे आकार मोजायला सांगितले तर मनातल्या मनात चाललेल्या मोजणीचा मागही लागला, ती कुणी ‘म्हणायला’ सांगितली नव्हती. आता बोला.

घंटाळी

वाचलं. दोनदा वाचलं, म्हणून उशीर.

ते वाक्य मी चुकीचं लिहिलं. मनात म्हटलेला शब्दही त्याच भागात उठतो, फक्त हलका. हे मला माहीत नव्हतं, आणि तुम्हीच दाखवून द्यावं याचा थोडा त्रासही झाला. पण त्याच कामात पुढे आहे की आधी ठरवलेला परवलीचा शब्दप्रयोग मनात म्हटल्याशिवाय यंत्र उघडायचंच नाही, अशी सोय त्यांनी करून बघितली आणि ९८ टक्क्यांवर ती चालली. म्हणजे कुलूप करता येतं. ते लावायची सक्ती कोण करणार, हे तुमच्या कोर्टातलं काम आहे, तिथे मी तुमच्या बाजूने.

निर्णयावर मात्र मी हटत नाही. शुर्गर या मेंदू-संशोधकाने २०१२ साली मांडलं की लिबेट यांच्या प्रयोगातली ती चढती लहर म्हणजे ठरलेला निकाल मानायचं कारण नाही, मेंदूत सतत चाललेली चढउतार उंबऱ्याशी पोचली तरी तशीच दिसेल. आणि २०१९ साली मुद्दाम खरी देणगी कुठल्या संस्थेला द्यायची ते ठरवायला लावलं, तेव्हा ती लहर जवळपास दिसलीच नाही. नुसतं बटण निवडताना दिसली.

पामबीच_वकील

देणगीचं माहीत नव्हतं. तेवढं तुमचं. टोप्यांबद्दलचं माझं मत तेच.

कळवा_पूर्व

ताई, भाऊ आता कसा आहे?

घंटाळी

ऑपरेशनला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी दोन फिट आल्या, त्यानंतर नाही. औषध एकच चालू आहे. नावं शोधायला त्यालाही वेळ लागतो, मुख्यतः माणसांची. परवा तलावपाळीला जुना मित्र भेटला तर पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि तो गेल्यावर मला विचारलं, ‘कोण गं हा?’ मी सांगणार तेवढ्यात म्हणाला, ‘थांब, सांगू नकोस.’ राम मारुती रोडच्या तोंडाशी आल्यावर त्याने स्वतः सांगितलं.