गुडघ्यातली ‘गादी’ म्हणजे नेमकं काय? स्नायू, कास्थी, कूर्चा आणि नस

निपाणीकर:
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपीचं काम करते. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या पुष्कळ बायका येतात. जन्मभर मांडी घालून बसलेल्या, पन्नाशीच्या आत गुडघे धरलेले. त्यांच्यासाठी मराठीत एक पत्रक करायचं आहे. हातात आलेला मसुदा हिंदीवरून केलेला आहे, आणि त्यात असं वाक्य आहे: ‘दोन हाडांना जोडणारा स्नायू फाटला की गुडघा लटपटतो.’

हे मी कसं छापू? हिंदीच्या शास्त्राच्या पुस्तकांत स्नायु म्हणजे लिगामेंट. आपल्याकडे स्नायू म्हणजे मसल. कन्नडातही मसललाच स्नायू म्हणतात, त्यामुळे आमच्या बेळगाव सीमाभागातला कुठलाही माणूस हे वाक्य चुकीचंच वाचणार.

दुसरी अडचण गादीची. ‘गादी झिजली’ असं डॉक्टरच सांगतात. पण गुडघ्यात गोष्टी दोन आहेत. हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो, ती एक. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या असतात, त्या दुसऱ्या. झिजतो तो बहुधा थर, फाटते ती चकती. दोन्हींना गादीच म्हणतात. परवा एका मावशींना गादी फाटल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग नवी भरा की, पैशाचं बघतो आमी.’ त्यांचं काय चुकलं? गादी म्हटल्यावर ती भरताच यायला पाहिजे.

या दोन्हींना आणि लिगामेंटला, आपल्या बायकांना कळतील असे शब्द सुचवा.

शहापूरच्या बाई:
शाळेत आम्ही कार्टिलेजला कास्थी शिकवलं. लिगामेंट म्हणजे अस्थिबंध: हाडाला हाड बांधतो. टेंडन म्हणजे स्नायुरज्जू: स्नायूला हाडाशी बांधतो. ‘दोन हाडांना जोडणारा अस्थिबंध’ असं लिहा, काम झालं.

गुडघ्यातल्या त्या दोन गोष्टी कास्थीच, पण जाती वेगळ्या. हाडाच्या टोकावरची काचाभ कास्थी, काचेसारखी निळसर-पांढरी आणि गुळगुळीत. नाकाचा शेंडा, बरगड्यांची पुढची टोकं, श्वासनलिकेच्या कड्या, सगळीकडे हीच. मधल्या चकत्या तंतुमय कास्थीच्या, म्हणजे त्यांच्यात तंतूंचे जाड पेड असतात. मणक्यांमधल्या चकत्यांची बाहेरची कडीही तशीच. तिसरी लवचिक कास्थी, कानाच्या पाळीच्या वरच्या भागात. कान मुडपून सोडला की जागेवर येतो तो तिच्यामुळे.

मुलं दरवर्षी विचारायची की रक्त, चरबी, हाड, कास्थी या सगळ्या एकाच संयोजी ऊतीत, म्हणजे शरीराला जोडणाऱ्या-आधार देणाऱ्या ऊतींच्या गटात, कशा? मी सांगायची, पेशी बघू नका, पेशींच्या मधे काय भरलंय ते बघा. त्याला आधारक म्हणतात. रक्तात तो पातळ, चरबीच्या ऊतीत नावापुरता, कास्थीत घट्ट आणि हाडात चुन्याच्या क्षारांनी कडक झालेला. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवून द्यायची. काही दिवसांनी बाहेर काढलं की पोरांच्या बोटांत ते रबरासारखं वाकायचं. क्षार आम्लात विरघळून गेलेले, उरलेत ते नुसते कोलॅजनचे तंतू. दुसरं हाड चुलीत जाळायचं, ते आकार राखायचं पण चिमटीत भुगा व्हायचा. हाड म्हणजे काय हे मुलांना त्या दोन तुकड्यांनी माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं.

अनगोळचे तात्या:
बाईंनी कास्थी म्हटलं याचं समाधान वाटलं. अलीकडे काही पुस्तकांत ‘कूर्चा’ लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. कूर्च म्हणजे जुडी, दर्भाची मूठ. आपला कुंचा, कुंचला त्यातूनच आला. सुश्रुतात कूर्च हातापायांत सांगितले आहेत ते जुडग्याच्या अर्थाने. कुरकुरीत हाडाशी त्याचा काय संबंध?

कास्थी मात्र नीट घडवलेला शब्द आहे. कापुरुषात जो ‘का’ आहे तोच इथे, उणेपणा दाखवणारा. का अधिक अस्थी, म्हणजे जे पुरतं हाड नाही ते.

आणि खरा जुना शब्द हवा असेल तर तरुणास्थी. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. तरुण हाडं कुठे? नाक, कान, मान आणि डोळ्याच्या खोबणीत. रुचक म्हणजे दात. त्याने हाडं ३०० मोजली आणि आज २०६ मोजतात, त्यामागे हेही एक कारण आहे की दात आणि कास्थी त्याने हाडांतच धरल्या.

निपाणीकरताई, तुमचा हिंदी मसुदा स्नायूच्या बाबतीत मुळाला धरून आहे. सुश्रुताचे ९०० स्नायू म्हणजे बांधणारे तंतूच. फळ्या दोरांनी घट्ट आवळलेली नाव जशी पाण्यात भार पेलते तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं असतं, असं तो म्हणतो. मसलला त्याचा शब्द पेशी. अर्थ बदलला तो आपण.

खानापूरवाला:
तात्या, कास्थी म्हणजे काच अधिक अस्थी असं आमच्या सरांनी सांगितलेलं. काचेसारखं दिसतं म्हणून.

अनगोळचे तात्या:
मग मधला ‘च’ कुठे गेला? असे शब्द आपल्या सोयीने फोडता येत नाहीत.

चिकोडी रोड:
बदलला तर बदलला. तुम्ही पेशी म्हटलं तर आजचं पोरगं सेल समजणार. मराठी आणि कन्नड, दोन्हीकडे स्नायू म्हणजे मसल हे आता पक्कं आहे, त्याला हात लावू नका.

माझं शिक्षण कन्नडातून झालं. तिथं कार्टिलेजला ‘मृद्वस्थि’ म्हणतात. मृदू अधिक अस्थी. आज्जीला सांगितलं तर तिलाही कळलं, कारण ‘मऊ हाड’ असं लगेच फोडून सांगता आलं. कास्थी फोडून सांगायला तात्या लागतात. मऊ हाड लिहा ताई. नाहीतर सरळ कार्टिलेज आणि लिगामेंट लिहा, एमआरआयच्या कागदावर तेच असतं.

शहापूरच्या बाई:
कार्टिलेज लिहायला माझा विरोध आहे. मराठी शाळा टिकवायला इथल्या लोकांनी काय काय केलं हे मी जवळून बघितलंय. ज्या भाषेत गुडघ्याचं दुखणं सांगता येत नाही ती मुलांनी का शिकायची?

चिकोडी रोड:
बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण विड्या वळणाऱ्या मावशीनं आपल्या गुडघ्यावर भाषेचं ओझं का घ्यावं? तिला उद्या दवाखान्यात कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरसमोर बसायचंय. तिथं ती अस्थिबंध म्हणाली तर कोण समजणार?

खानापूरवाला:
आमच्याकडं मोरीचं मटण करतात, कारवार-मालवणकडनं मासळी येते त्यात मोरी असते. मुशी म्हणतात तीच, शार्क माशाची जात. तिच्या अंगात हाड नसतंच, सगळी कास्थी. आई त्याला ‘कोवळं हाड’ म्हणते. मटणातल्या बरगडीच्या टोकालाही कोवळं हाडच म्हणते. तात्यांचा तरुणास्थी आणि आईचं कोवळं हाड, अर्थ एकच की!

येळ्ळूर तालीम:
कानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. पैलवानाचा कान चुरगळलेला असतो तो का, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. कास्थीत रक्तवाहिनी नसते. वरच्या पातळ आवरणातून पाझरेल त्यावर ती जगते. कान रगडला की आवरण सुटतं आणि मधे रक्त साकळतं. खालच्या कास्थीचं पोषण तुटतं, ती मरते आणि तिथं कडक गाठ धरते. पोरांना मी सांगूलोय, कान सुजला की त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, रक्त काढून दाबपट्टी बांधून घ्या. जुनी मंडळी चुरगळलेल्या कानाला मान देतात, पण दुखणं ते दुखणंच.

निपाणीकर:
हे फार कामाचं आहे दादा. गुडघ्यातला थर झिजला की भरून का येत नाही त्याचंही कारण हेच. तिथं तर वरचं आवरणही नसतं. सांध्यातल्या पातळ द्रवातूनच काय ते मिळतं, तेही हालचाल केली तर. म्हणून व्यायाम. लोक म्हणतात ‘वंगण संपलं’. खरं तर झिजलेल्या गुडघ्यात पाणी पुष्कळदा वाढतं.

थराला ‘अस्तर’ म्हणावं आणि गादी हा शब्द मधल्या चकतीपुरता ठेवावा, असं वाटू लागलंय. कोवळं हाड गोड आहे, पण साठीच्या बाईला ‘तुमचं कोवळं हाड झिजलं’ कसं सांगू? आणि लिगामेंटचं अजून राहिलंच आहे.

खानापूरवाला:
लिगामेंटला नस म्हणा. ‘पायाची नस तुटली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

निपाणीकर:
नको. नस दबली म्हणजे मज्जातंतू, नस फुगली म्हणजे रक्तवाहिनी, नस चढली म्हणजे पोटरीत गोळा. त्यात चौथी भर घालणार नाही.

चिकोडी रोड:
कन्नडात ‘नरा’चंही अगदी हेच आहे. सगळं त्यातच.

अनगोळचे तात्या:
मज्जातंतू हा शब्द तरी कुठे धड आहे? मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज. अस्थिमज्जेत ती हाडात आणि मज्जातंतूत थेट मेंदूपर्यंत गेली. चेतातंतू म्हणा.

शहापूरच्या बाई:
तात्या, अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू (मेंदूपासून मणक्यांच्या आतून खाली जाणारा दोर) एकच समजून लिहिलेले मुलांचे पेपर मी तपासले आहेत. या एका गोष्टीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. पण मज्जारज्जू जाऊन चेतारज्जू आला तरी घरात लोक मणके आणि तो रज्जू दोन्ही ‘पाठीचा कणा’ म्हणूनच सांगतात, त्याचं काय करायचं?