कामावरचा राग आणि मैदानावरचा खेळ

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): फाउंड्रीत कास्टिंगला छिद्रे निघून माल परत आला की माझा तोल जातो आणि हाताखालच्या मुलांवर मी ओरडतो. पुन्हा कबड्डी खेळू लागलो तर मन स्थिर राहील, की थकव्यात भरच पडेल?

उत्तर (टिळकवाडी): नमस्कार दादा, अवश्य खेळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला असून, नियमित हालचालीने चिंता व नैराश्याची लक्षणे कमी होतात, असेही नमूद केले आहे. मात्र नुसत्या व्यायामापेक्षा खेळ मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ३० सेकंदांच्या चढाईत छाती धडधडत असतानाही दम राखून कोपऱ्यातल्या गड्यावर नजर ठेवावी लागते आणि पकड झाली की पंचांचा निर्णय मानून मुकाट्याने बाहेर बसावे लागते. हाच सराव भट्टीपाशी कामी येतो.

उत्तर (खानापूर): सहमत आहे, परंतु रात्रपाळी संपताच मैदानात उतरू नका, कारण अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते आणि दुखापतही लवकर होते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. पाळीतल्या मुलांनाही सोबत नेतो.