जुनी मराठी कादंबरी, शक्यतो पुण्यातली: कुठून सुरुवात करू? (बजेट २०० रु.)

हळूवाचक: शिक्षण इंग्रजी माध्यमात. मराठी वाचते, पण सावकाश. आपल्या इकडची, जमल्यास पुण्यात घडणारी जुनी कादंबरी सुचवा. रोज अर्धा तास, २०० च्या आत.

पेठकर: 'पण लक्षात कोण घेतो?' विषय संपला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात ती क्रमशः छापली, त्यामुळे बैठकीला एकच प्रकरण घ्या. सलग वाचलंत की पाल्हाळ जाणवतो. नात्यांचा गुंता होतो, म्हणून कागदावर नायिका यमूचं माहेर आणि सासर अशा दोन याद्या करा. शंकरमामंजी सासरच्या यादीत. घेण्याआधी आत 'संक्षिप्त' छापलेलं नाही ना, ते बघा.

वगैरेवाला: 'कोसला', १९६३. नायक पांडुरंग सांगवीकर, पुण्यातलं होस्टेल. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पावलोपावली येतं, ती छापखान्याची चूक नव्हे. डायरीच्या तुटक नोंदी मोठ्यानं वाचा, लय सापडते. चांगल्या बांधणीची घ्या, २०० वर अडून बसू नका.

मुळाकाठ: पेठकरांना +१. 'पण लक्षात कोण घेतो?' घ्याच. शेवटचं केशवपन वाचवत नाही.

हळूवाचक: अहो, शेवट कशाला सांगितलात?

मुळाकाठ: सव्वाशे वर्षांहून जुनी कादंबरी, आता काय लपवायचं!

पानपलट्या: भांडणं नंतर. जुनी प्रत घेणार असाल तर पृष्ठक्रमांक तपासा. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्मांनी (दुमडलेल्या गठ्ठ्यांनी) बांधतात. एक फॉर्म गळला की १६ पानं एकदम जातात आणि वरवर चाळून कळत नाही. मधोमध उघडून शिवण दिसते का तेही पाहा, नुसत्या डिंकावरच्या प्रतीची पानं लवकर सुटतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'घरांत', 'तिनें' असे अनुस्वार भेटतील. उच्चार न करता पुढे जा. फक्त 'तीं' दिसलं तर अनेकवचन समजा, नाहीतर वाक्य उलगडत नाही.

पेठकर: आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा आधी वाचून ठेवा. विवाहितेसाठीसुद्धा शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं, त्यावर पुण्यात रण माजलं होतं. कादंबरी त्याच दिवसांतली आहे.

वगैरेवाला: म्हणजे कादंबरीआधी गृहपाठ. 'कोसला'ला असलं काही लागत नाही.

धनगरवाट: पुण्याचा हट्ट सोडा, 'बनगरवाडी' घ्या. माणदेश, १९५५, छोटी आहे. बोली संवादांत, निवेदन सरळ.

पानपलट्या: विकतच कशाला? पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. वर्गणी आणि अनामत किती ते विचारून घ्या.

हळूवाचक: सगळ्यांचे आभार. अप्पा बळवंत चौकात गेले होते, 'रणांगण' घेतली. पातळ आहे, २०० च्या आत बसली.

पेठकर: कोणी सुचवली होती? अख्खी बोटीवर घडते!

हळूवाचक: बोट मुंबईलाच लागते ना.