सानहुर्होचं विमान ट्रंकांनी पाडलं की वैमानिकाने?

जुहूकर
स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल काहीही वाचा, जनरल होसे सानहुर्होची गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते. म्हातारा हट्टाने गणवेशांच्या ट्रंका घेऊन बसला, विमान जड झालं, पडलं, मेला. मला हे पटत नाही. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. सानहुर्होने १९३२ मध्ये सेव्हिलला बंड केलं, ते फसलं. मृत्युदंड जन्मठेपेवर आला, १९३४ मध्ये माफी मिळाली आणि तो पोर्तुगालात एस्तोरिलला जाऊन राहिला. जुलै १९३६ मध्ये लष्कर सरकारविरुद्ध पुन्हा उठलं. आखणी जनरल मोलाची, पण प्रमुख म्हणून नाव सानहुर्होचं. त्याला उत्तर स्पेनमधल्या, बंडवाल्यांच्या ताब्यातल्या बुर्गोसला आणायला हुआन अन्तोनियो अन्साल्दो हा वैमानिक आला. विमान होतं द हॅविलंड पुस मॉथ, म्हणजे जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं त्याच जातीचं. २० जुलैला कश्कैशजवळून उडताना ते झाडांच्या शेंड्यांना लागलं, कोसळलं, पेटलं. सानहुर्हो गेला, अन्साल्दो जखमी होऊन वाचला.

सामान फार आहे असं अन्साल्दोने बजावलं होतं म्हणतात. नव्या प्रमुखाला साजेसे कपडे हवेत, असं त्यावर उत्तर मिळालं म्हणे. असेलही. पण थ्रॉटल पुढे कुणी ढकलला? त्या विमानात विमानातलं कळणारा माणूस एकच होता. होडीत किती माणसं घ्यायची ते तांडेल ठरवतो, बसणारा सावकार असो की सरपंच. दोष अन्साल्दोचा आहे आणि तो आपण चौसष्ट वर्षांच्या मेलेल्या माणसाच्या ट्रंकेत भरून मोकळे होतो.

घाटमाथा
साफ असहमत. तांडेलाची उपमा इथे लागू नाही. तो सावकाराला नाही म्हणाला तर फार तर एक गिऱ्हाईक जाईल. इथे समोर उभा आहे तो उद्याचा राष्ट्रप्रमुख. बंड सुरू होऊन तीन दिवस झालेत, बुर्गोसला वाट बघतायत, आणि अन्साल्दो स्वतः त्या कटातला कट्टर माणूस. अशा वेळी "साहेब, ट्रंका उतरवा" म्हणायचं, ते त्याने म्हटलं. ऐकलं नाही. आता काय करायचं होतं, जनरलला मैदानात सोडून निघून जायचं?

जुहूकर
हो. किंवा इंजिन बंद करून खाली उतरायचं.

लोडशीट
अठरा वर्षं विमानतळावर वजनाचाच हिशोब केलाय, म्हणून लिहितो. रिकामं पुस मॉथ साधारण ५७५ किलो, कमाल वजन ९३० च्या आसपास. म्हणजे माणसं, पेट्रोल, तेल, सामान सगळं मिळून ३५५ किलो. बुर्गोस सरळ रेषेत साधारण ६३० किलोमीटर. चारएक तासांचं पेट्रोल धरा, अंदाजे १०० किलो. दोन माणसं, त्यात जनरल अंगाने भरलेला, १७० धरू. उरतात ८५. कपड्यांच्या दोन ट्रंका यात बसूही शकतात!

तेव्हा "वजन जास्त होतं" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सामान किती मागे रचलं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भार मागे गेला की नाक वर उचलतं, वेग मरतो, आणि समोर झाडं असली की संपलं. शिवाय ९३० हा आकडा कारखान्याचा. तो त्या मैदानासाठी नव्हता.

जुनी_पानं
मैदानावर बोललात ते बरं केलंत, खरी मेख तिथेच आहे. अन्साल्दो आधी दुसरीकडे उतरला होता. सानहुर्हो पोर्तुगालचा लष्करी तळ वापरतोय अशी तक्रार माद्रिद सरकारने केली आणि पोर्तुगालने हात झटकले, आडबाजूने जा म्हणाले. म्हणून कश्कैशच्या किनाऱ्यावरच्या बोका दो इन्फेर्नोजवळचं ते तोकडं मैदान, कडेला पाईनची झाडं. चांगल्या धावपट्टीवरून तेच विमान त्याच ट्रंकांसह आरामात उठलं असतं असं माझं मत. दोष द्यायचाच तर पोर्तुगालच्या त्या कागदी तटस्थतेला द्या.

चिंचेचं_झाड
घातपाताचं कुणीच बोललं नाही? फायदा कुणाला झाला बघा. ऑक्टोबर १९३६ मध्ये जनरल फ्रँको बंडवाल्यांचा प्रमुख. जून १९३७ मध्ये मोलाही विमान अपघातातच गेला. शिवाय पुस मॉथ मुळातच बदनाम. ऑस्ट्रेलियाचा नामांकित वैमानिक बर्ट हिंकलर १९३३ मध्ये इटलीत पुस मॉथमध्येच गेला.

जुनी_पानं
पुस मॉथची बदनामी हवेत वेगात असताना पंख मोडण्याची होती, झाडाला धडकण्याची नव्हे. मोला खराब हवेत डोंगरावर आदळला. राहिला फ्रँको. अन्साल्दो पुढे त्याच्या विरोधात गेला, देशाबाहेर राहून आठवणी लिहिल्या. फ्रँकोला पाठीशी घालण्याचं त्याला काही कारण उरलं नव्हतं. फायदा झाला म्हणून हात होता असं होत नाही.

जुहूकर
मैदानाचा मुद्दा मला हलवून गेला, कबूल करतो. पण त्यातूनही मी तिथेच येतो. आखूड मैदान, समोर झाडं, मागे ट्रंका, हे सगळं डोळ्यांनी दिसत होतं कुणाला? कराचीहून जेआरडी निघाले तेव्हा टपाल होतं २५ किलो. इंजिन एकच असलं की काय न्यायचं आणि काय ठेवायचं हाच तर वैमानिकाचा धंदा.

घाटमाथा
तुम्ही परत परत वैमानिकाला एकटं उभं करता आणि समोरच्या माणसाचं वजन धरतच नाही. ट्रंकेचं नाही म्हणत मी, हुद्द्याचं म्हणतोय. लोडशीट, तुम्ही सांगा, असं "नाही" म्हणणं प्रत्यक्षात होतं का?

लोडशीट
होतं. मे महिना, दुपारचे दोन, आखूड धावपट्टी, लहान विमान. एका बड्या असामीच्या माणसांनी आठ खोकी आणली. कप्तानाने माझ्या हातातला कागद पाहिला, काही न बोलता तीन खोकी स्वतः उचलून खाली डांबरावर ठेवली. मग माझ्या कागदावर सही केली. मी शेजारी होतो, पेन धरलेला हात थरथरत होता त्याचा. तेव्हा जुहूकर म्हणतात ते करता येतं, आणि करायलाच हवं.

घाटमाथा
अठरा वर्षांत असे किती पाहिलेत?

लोडशीट
दोन. खोकी उतरवणाऱ्याला त्या मंडळींनी पुन्हा कधी बोलावलं नाही.