पाइप गॅसची गळती: कशी ओळखता, काय करता?

सिलिंडर गेला, पाइप गॅस आला. सवयी मात्र बहुतेक घरांत सिलिंडरच्याच राहिल्या आहेत. वास आला की खाली वाकून हुंगायचं, जमिनीलगतची हवा झाडूने बाहेर ढकलायची वगैरे. म्हणून हा धागा. 'आमच्याकडे एकदा काय झालं' ही गोष्ट नको. कुठला भाग सुटतो, का सुटतो आणि हाताने नेमकं काय करायचं, तेवढंच लिहा.

रसायनशास्त्र शिकवणारी

सुरुवात वजनापासून करू. सिलिंडरमधला गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड, तो ओट्याखाली आणि मोरीत साचतो. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जेमतेम साडेपाच दशांश वजनाचा. तो छताला जातो. माळा, फॉल्स सीलिंगची पोकळी, टांगलेल्या कपाटांचा वरचा भाग ही त्याची घरं.

हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तेव्हा ते पेटतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात मरकॅप्टनसारखं वासाचं द्रव्य घालतात. ते इतकं असावं लागतं की पेटण्याच्या किमान पातळीच्या पाचव्या हिश्शाला, म्हणजे साधारण १ टक्क्याला, वास कळावा. म्हणजे वास हा पुरेसा आधी मिळणारा इशारा आहे. पण नाक त्या वासाला काही मिनिटांत सरावतं. 'मघाशी येत होता, आता येत नाही' याचा अर्थ गळती थांबली असा घेऊ नका. शंका असेल तर बाहेरून आत्ताच आलेल्या माणसाला विचारा.

थोडं गणित. स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, उंची ९ फूट: सुमारे २० घनमीटर हवा. ५ टक्के म्हणजे १ घनमीटर गॅस. न पेटलेला मोठा बर्नर तासाला ०.२ घनमीटरच्या आसपास सोडतो, म्हणजे पाच तास लागतील असं वाटतं. पण गॅस सगळीकडे सारखा पसरत नाही. फक्त छतालगतचा एक फुटाचा थर धरला तर ०.११ घनमीटर पुरतो, आणि तेवढा अर्ध्या तासात जमतो. नळीच निसटली तर ही वेळ काही मिनिटांवर येते.

गॅसजोडणीचा फिटर, ठाणे

गणित बरोबर आहे. आता हाताचं काम.

वास हलका असेल, घरात काहीच पेटलेलं नसेल, तर मीटर बघा. वास उग्र असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल तर मीटरबिटर काही नाही, कॉक (पाइपावरची गॅस बंद करायची दांडी) बंद आणि बाहेर.

मीटरवर काळे आकडे घनमीटरचे, लाल तीन आकडे त्याच्या पुढचे. शेवटचा लाल आकडा म्हणजे १ लिटर. सगळे बर्नर आणि गीझर बंद करा, आकडा लिहून ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. हलला तर मीटरच्या पुढे गळती आहे. मग शेगडीजवळचा कॉक बंद करून पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. आता हलत नसेल तर दोष नळीत किंवा शेगडीत. अजूनही हलत असेल तर मधल्या पाइपात.

घरगुती मीटर तासाला साधारण १६ लिटरच्या खालचा प्रवाह भरवशाने मोजत नाही. म्हणून बारीक गळतीसाठी रात्री झोपताना आकडा टिपून सकाळी ताडून बघायचा. आणि मीटरच्या आधीच्या पाइपातली गळती मीटरवर कधीच दिसणार नाही. वास येतोय आणि आकडा स्थिर आहे, तर उभ्या पाइपाकडे किंवा शेजारच्या घराकडे संशय न्या, मनाचं समाधान करून बसू नका.

सांधे तपासायला वाटीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, जुन्या ब्रशने लावा. फुगे वाढत गेले तर गळती. अमोनिया असलेला काच-क्लीनर वापरू नका, त्याने पितळी फिटिंगला तडे जातात. काडीपेटी तर बोलायलाच नको, तरी लोक लावतात.

कॉकची दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. घरातल्या प्रत्येकाला एकदा हाताने फिरवायला लावा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐनवेळी जाम निघतो.

स्वयंपाकघर डिझाइन करणारी

तो कॉक ट्रॉलीच्या मागे गाडू नका, एवढी एकच विनंती. पाइप कपाटातून नेलात तर कपाटाला वर आणि खाली जाळी हवी. खिळा मारण्याआधी पाइप कुठून जातो ते फोटोत टिपून ठेवा. पाइपावर कपडे वाळत घालायची दोरी बांधू नये. ओल्या चादरींच्या वजनाने क्लँप सुटतो आणि सांध्यावर ताण येतो.

आग विझवण्याच्या कामात २० वर्षं

क्रम असा.

१. ज्योत असेल ती बंद: शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती.
२. शेगडीजवळचा कॉक बंद, जमलं तर मीटरजवळचाही.
३. खिडक्या उघडा, वरचा झरोका आधी. दार उघडं ठेवून सगळे बाहेर.
४. फोन बाहेर गेल्यावर, दोन मजले खाली उतरून. लिफ्ट नको.

दिव्याचं बटण ना चालू करायचं, ना बंद. लोक चालू न करण्याचं लक्षात ठेवतात आणि जाताजाता लागलेला दिवा बंद करतात. ठिणगी दोन्हीकडे पडते. एक्झॉस्ट फॅन आणि चिमणी तर मुळीच नको, त्यांची मोटर नेमकी गॅसच्या थरात असते. शेजाऱ्यांची बेल दाबू नका, दार ठोका. मेन स्विच घराच्या आत असेल तर त्याला हात लावू नका. तो तळमजल्यावर मीटररूममध्ये असेल आणि तिथे वास नसेल तर खाली जाऊन पाडा.

गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर बिलावर आणि बहुधा मीटरवरही असतो, तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा. आग लागली तर १०१ किंवा ११२. १९०६ हा सिलिंडरच्या गळतीसाठीचा नंबर आहे, पाइप गॅससाठी तिथे वेळ घालवू नका.

सोसायटीची चिटणीस, पश्चिम उपनगर

सगळ्यात दुर्लक्षित प्रकार राहिलाच: पुरवठा बंद पडून परत सुरू होणं. दुरुस्तीसाठी इमारतीचा गॅस बंद करतात, कुकरखालची ज्योत आपोआप विझते, माणूस 'येईल तेव्हा येईल' म्हणून बाहेर जातो, नॉब उघडाच. तासाभराने गॅस येतो, ज्योत येत नाही. म्हणून नोटिशीत 'गॅस बंद राहील' एवढंच लिहू नये. 'नॉब आणि कॉक दोन्ही बंद करा' हे ठळक हवं, बंद घरांची यादी वॉचमनकडे हवी आणि सुरू करण्याआधी प्रत्येक मजल्यावर विचारून यायला हवं. इमारतीचा मुख्य कॉक आपण बंद केला तरी उघडायचा तो कंपनीच्या माणसानेच.

दुसरं: समुद्राजवळच्या इमारतींत उभा पाइप गंजतो तो स्लॅबमधून जातो तिथे आणि क्लँपच्या मागे, जिथे पावसाचं पाणी अडकतं. रंगकाम करणारे समोरून पिवळा रंग मारतात, मागची बाजू तशीच राहते.

गॅसजोडणीचा फिटर, ठाणे

चिटणीसबाईंना अनुमोदन. ज्योत विझण्याबद्दल आणखी. दुकानातून आणलेली शेगडी बहुतेकदा सिलिंडरसाठी असते. सिलिंडरचा दाब साधारण ३० मिलिबार, पाइप गॅसचा २१. शिवाय मिथेनमध्ये घनमीटरमागे उष्णता कमी. म्हणून पाइप गॅसच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं लागतं. जेट न बदलता शेगडी जोडली तर ज्योत मरतुकडी राहते आणि पंख्याच्या झुळकीने विझते. उलट, कुणी ड्रिलने अंदाजपंचे भोक मोठं केलं तर ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, ज्याला वास नसतो. जेट अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या.

रबरी नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदला, वरून चांगली दिसत असली तरी. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, शेगडीच्या मागच्या गरम भागाला टेकायला नको. क्लिप जास्त आवळली तर रबर चिरतं. उंदीर असतील तर आतून तारेची जाळी असलेलीच घ्या.

रसायनशास्त्र शिकवणारी

गॅस डिटेक्टर घेणाऱ्यांसाठी: पाइप गॅसचा छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत, सिलिंडरचा जमिनीजवळ. शेगडीच्या अगदी वर लावला तर फोडणीच्या वाफेने ओरडत राहतो आणि मग घरातलंच कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतं.

वास सडक्या अंड्यासारखा आणि मोरीजवळच जास्त असेल, तर जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास पाण्याने अडवणारा भाग, कोरडा पडलेला असू शकतो. पण हा निष्कर्ष गॅसचा माणूस तपासून गेल्यावरच काढायचा. तो आल्यावर मोरीत तांब्याभर पाणी ओतून बघा.