म्हार्दोळचे घर (घरचा चॅट ग्रुप) : बायच्या कॉलेजवरून

बायची आई: कोणी जागे आहे का? बाय आज तिसऱ्या दिवशीही नीट जेवली नाही. दप्तर टाकले नि आडवी झाली. मला वाटते आपले चुकलेच.

आत्या, म्हापसा: मी तेव्हाच म्हटले होते. मार्क 84 टक्के, आणि घेतले काय, तर बी.ए.! फार्मसीचा फॉर्म मी स्वतः आणून दिला होता.

बायची आई: वन्सं, तो विषय आता नको.

आप्पाकाका: कदंब बसचा पास काढला का?

दादा, बंगळूर: काकी, झाले काय नक्की? कोणी त्रास देते का तिला?

बायची आई: नाही रे. वर्गच सापडत नाही. बारावीपर्यंत एक वर्ग, एक बाक. इथे दर तासाला जिना. इतिहास एका खोलीत, मायनर म्हणजे जोडविषय पोर्तुगीज, तो दुसऱ्या इमारतीत. काल चुकून रसायनशास्त्राला जाऊन बसली. सर फळ्यावर लिहायला लागले तेव्हा कळले. उठून जायची लाज, म्हणून पूर्ण तास तशीच बसली. वहीत नुसती तारीख. ओल्या छत्रीचे पाणी पुढच्या मुलीच्या बॅगेखाली गेले, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आत्या, म्हापसा: बघा. इतिहास नि पोर्तुगीज. नोकरी कोण देणार?

वैनी, मडगाव: आत्या, पहिला आठवडा सगळ्यांचाच असा जातो. 2023 पासून आपल्या गोव्यात हे चार वर्षांचे डिग्रीचे शिक्षण आले. तिसऱ्या वर्षी डिग्री, चौथे केले तर ऑनर्स. आर्ट्सची मुले एखाद्या विषयाला सायन्सकडे जातात, तिकडची इकडे येतात. एक वर्ग असा राहत नाही, म्हणून ओळखी व्हायला वेळ लागतो.

आत्या, म्हापसा: तू तिथेच शिकवतेस, बाजू घेणारच.

वैनी, मडगाव: शिकवते म्हणूनच सांगते. रडवेली मुले मी दर जूनला बघते.

आप्पाकाका: पास काढा. फोंडा-पणजी रोजचे सुटे भाडे परवडत नाही.

धाकटी काकू: देवळातल्या जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या पूजेचे कोणी बोलतच नाही. गेल्या वर्षी फुले आमच्याकडूनच गेली.

दादा, बंगळूर: काकू, अजून वेळ आहे पूजेला.

धाकटी काकू: वेळ आहे म्हणता म्हणता माझ्याच गळ्यात पडते दरवर्षी.

आजोबा: बायला रविवारी माझ्याकडे पाठवा. माडीवरच्या पेटीत पणजोबांचे मोडी कागद आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात तसेच मोडी आणि पोर्तुगीज कागद ढिगाने पडलेत. आपल्या घरात मोडी वाचणारा मी एकटा उरलो. तिने हे विषय घेतले तेव्हा मला फार बरे वाटले, बोललो नाही एवढेच.

आत्या, म्हापसा: बरे. मी उगाच बोलते, नेहमीचेच.

बायची आई: वन्सं, तसे नव्हते म्हणायचे मला.

बाय: मी जागी आहे. सगळे वाचते आहे. आजोबा, रविवारी येते, पेटी मी येईपर्यंत उघडू नका. आई, आज ती छत्रीवाली मुलगी परत भेटली. सायन्सची आहे, पण आमचा एक विषय एकच निघाला. पेडण्याहून येते, पहाटे पाचला उठते. तिने उद्या शेजारची जागा धरते म्हटले. भातावर वाटी झाकून ठेवलीस ना?

आप्पाकाका: आणि पास?

बाय: उद्या फोटो घेऊन जाते, काका.